कंटिन्युएशन रॅली कार घेताना ती कशी तपासायची

गाडी बघायला गेले की बॉनेट मी सगळ्यात शेवटी उघडते. आधी टॉर्च घेऊन डिकीत शिरते, मग ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचलते, मग गाडीखाली आडवी होते. विकणाऱ्याला इंजिन चालू करून दाखवायची घाई असते, पण इंजिन उद्या दुसरं बसवता येतं, गिअरबॉक्सही बसवता येतो, रंगाचं तर विचारूच नका. ही गाडी नेमकी कोण आहे, कुठून आली, हे पत्र्यावर कळतं. कंटिन्युएशन गाडीसाठी तुम्ही जे भरमसाट पैसे मोजता, ते बरेचसे याच एका प्रश्नाच्या उत्तरासाठी मोजता.

मी बारा वर्षं रॅलीच्या गाड्यांना रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसांना वाचवणारे नळ्यांचे पिंजरे, बसवून दिले. आता लोकांसाठी गाड्या तपासून देते. जुन्या रॅली गाड्या नव्याने बांधून विकणारे गेल्या काही वर्षांत बरेच झाले, त्यामुळे "घेऊ का?" असे फोनही वाढले. फोनवर जे तुटक-तुटक सांगते ते इथे सलग लिहिते आहे.

आधी शब्द नीट लावून घ्या

विकणारे चार शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात. रेप्लिका म्हणजे दिसायला तशी गाडी, आत काहीही असू शकतं. ट्रिब्यूट म्हणजे एखाद्या विशिष्ट गाडीची आठवण म्हणून तिचा रंग, तिचे स्टिकर, कधी तिचा नंबरसुद्धा मिरवणारी गाडी. रेस्टोमॉड म्हणजे जुनी गाडी खरीच, पण आतली यंत्रणा आजची. आणि कंटिन्युएशन म्हणजे मूळ मालिका जिथे थांबली तिथून पुढे चालू ठेवलेली गाडी.

या शेवटच्या शब्दाचा काटेकोर अर्थ समजून घ्यायचा तर जग्वारचं उदाहरण बघा. लाइटवेट ई-टाइपसाठी १९६३ मध्ये १८ चॅसिस क्रमांक राखून ठेवले होते, त्यातल्या १२ गाड्याच झाल्या. उरलेले सहा क्रमांक पन्नास वर्षं वहीत पडून होते. २०१४ मध्ये कंपनीने स्वतःच त्या सहा गाड्या बांधायला घेतल्या. हक्क तोच, क्रमांकांची मालिका तीच, आराखडाही तोच. हे खरं कंटिन्युएशन.

रॅलीच्या गाड्यांत हा निकष क्वचितच पूर्ण लागतो, म्हणून प्रत्येक गाडी या निकषापासून किती लांब आहे ते मोजायचं. बोरहॅम मोटरवर्क्स फोर्डच्या परवान्याने एस्कॉर्ट मार्क १ नव्याने बांधते. १५० गाड्या, बॉडीशेल (गाडीचा पत्र्याचा मूळ सांगाडा) नवीन, आणि मोठं इंजिन मिनिटाला दहा हजार फेऱ्यांपर्यंत फिरणारं. परवाना असल्यामुळे ही गाडी निकषाच्या बरीच जवळ येते. वेल्समधली एमएसटी ही कंपनीही एस्कॉर्टचे मार्क १ आणि मार्क २ नव्या शेलवर बांधते. गाड्या मेहनतीने बांधलेल्या असतात, ज्याला चालवायची आहे त्याच्यासाठी उत्तम, पण मालिका फोर्डची नव्हे, एमएसटीची.

इटलीतली किमेरा इव्हो३७ घ्या. माजी रॅली ड्रायव्हर लुका बेत्ती यांनी लान्चा ०३७ ची आठवण म्हणून काढलेली गाडी, ३७ नग, सुमारे ५०० अश्वशक्ती. तिच्यात लान्चा बीटा मोंटेकार्लोचा मधला भाग वापरतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे दुसऱ्याच गाडीवर कातडं चढवलं. पण १९८२ ची मूळ ०३७ ही अशीच बनली होती: मोंटेकार्लोचा मधला भाग ठेवून पुढे-मागे नळ्यांचे सांगाडे जोडलेले. मूळ गाडी ज्या रीतीने जन्मली त्याच रीतीने ही जन्मते, आणि मला ही गोष्ट परवान्याच्या शिक्क्याइतकीच महत्त्वाची वाटते.

सुबारूच्या चाहत्यांसाठी प्रोड्राइव्हची पी२५ आहे. २५ गाड्या, ४०० हून जास्त अश्वशक्ती, कार्बन फायबरची पॅनेल, २०२२ मध्ये जाहीर झालेली किंमत कर सोडून ४,६०,००० पौंड. इम्प्रेझाच्या रॅली गाड्या बांधणारी आणि पळवणारी मंडळी हीच, १९९७ च्या गाडीचं रूप घडवणारे पीटर स्टीव्हन्स याही कामात होते, आणि खाली खरी दोन दारांची इम्प्रेझा असते. चॅसिस क्रमांक मात्र त्या खालच्या जुन्या गाडीचा. माझ्या मते ही रेस्टोमॉड आहे, फार मोठ्या घराण्यातली.

आमोसची डेल्टा फुतुरिस्ता याहून वेगळी. २० गाड्या, चार दारांची लान्चा डेल्टा इंटेग्राले घेऊन तिची दोन दारांची केलेली. इंटेग्राले शर्यतीत कधी दोन दारांची नव्हती, त्यामुळे तिथे पुढे चालू ठेवायला काही नाही. एका माणसाने मनातली डेल्टा प्रत्यक्षात उतरवली आहे. न्यू स्ट्रॅटोसच्या खाली फेरारी ४३० स्कुदेरिया आखूड करून बसवलेली असते. १९७४ ते १९७६ अशी सलग तीन वर्षं रॅलीचं जागतिक अजिंक्यपद जिंकणाऱ्या मूळ लान्चा स्ट्रॅटोसमध्येही फेरारीचंच व्ही६ इंजिन होतं, म्हणून नातं आहे, पण लांबचं.

हे सगळं कशासाठी सांगितलं, तर गाडी बघायला जाण्याआधी कागदावर एक वाक्य लिहून ठेवा: ही गाडी कोणाच्या परवान्याने, कुठल्या चॅसिसवर, कोणत्या क्रमांकाने बांधली आहे. विकणाऱ्याकडून याची तीन उत्तरं लेखी मागा. जो लेखी देत नाही त्याच्याकडे जाण्याचा प्रवासखर्चही करू नका.

डोनर गाडी कशी होती ते विचारा

डोनर म्हणजे जिच्या जिवावर नवी गाडी उभी राहते ती जुनी गाडी. बांधणाऱ्याकडे तिचे आधीचे फोटो असायलाच हवेत: आली तेव्हाची स्थिती, रंग काढल्यानंतरचा पत्रा, कापलेले भाग. गंजून गेलेली, ठोकलेली, इंजिन नसलेली इम्प्रेझा घेऊन कोणी तिचं सोनं केलं तर मला आनंदच आहे. पण निरोगी, मूळ रंगाची, सगळी कागदपत्रं असलेली इंटेग्राले फक्त दारं कमी करायला कापली असेल, तर मी गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगते. भावनेचा प्रश्न तर आहेच, पण पुढे विकताना जाणकार माणूस हाच प्रश्न विचारतो. चांगल्या मूळ गाड्या दरवर्षी कमी होतात, आणि एक कापून केलेली गाडी त्या कमी होण्याचा पुरावा म्हणून उभी राहते.

पत्रा

इथे वेळ काढा. मी साधारण चार तास नुसत्या शेलला देते.

पहिलं काम वेल्डिंग बघण्याचं. कारखान्यातून निघालेला साधा शेल स्पॉट वेल्डने जोडलेला असतो, ठरावीक अंतरावर बटणाएवढे खड्डे. रॅलीसाठी शेल तयार करताना जोडावर तुकड्या-तुकड्याने वेल्ड मारतात: साधारण इंचभर वेल्ड, मग तेवढीच किंवा दुप्पट जागा मोकळी, मग पुन्हा वेल्ड. सलग वेल्ड मारला तर उष्णतेने पत्रा ओढला जातो आणि शेल वाकतो. म्हणून चांगला कारागीर एक तुकडा डावीकडे, पुढचा उजवीकडे, मग मागे, असा फिरत फिरत जातो, शेलला थंड व्हायला वेळ देतो. डोळे मिटून जोडावरून तर्जनी फिरवा. तुकडे एकसारखे लागले, मधली अंतरं एकसारखी लागली, तर काम घाईत झालेलं नाही. एका बाजूला लांबच लांब सलग वेल्ड आणि दुसऱ्या बाजूला तुकडे लागले, तर थांबा आणि कारण विचारा. बहुतेक वेळा तिथे अपघाताची दुरुस्ती असते.

मग सस्पेन्शन जिथे शेलला टेकतं त्या जागा. एस्कॉर्टच्या पुढच्या स्ट्रटचा वरचा टोप, मागचे टरेट (मागच्या डँपरचे वरचे आधार), लिंकचे बेस, डिफरन्शियलच्या वरचा भाग. या जागांवर जास्तीचा पत्रा चढवलेला असतो. त्याच्या कडेने रंगाला केसासारखी बारीक चीर दिसते का ते टॉर्च आडवा धरून बघा. उजेड समोरून पाडला तर चीर दिसत नाही, आडवा पाडला की तिची सावली पडते.

शेल सरळ आहे का, हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. सपाट जमिनीवर गाडी चार स्टँडवर समपातळीत उचला. सस्पेन्शनच्या प्रत्येक आधारबिंदूवरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूने खूण करा. मग गाडी बाजूला घेऊन खुणांचे कर्ण मोजा. पुढचा डावा ते मागचा उजवा, आणि पुढचा उजवा ते मागचा डावा. नव्या शेलमध्ये दोन-तीन मिलिमीटरपलीकडे फरक मी मान्य करत नाही. एकदा एका सुंदर, दोन वेळा बक्षीस मिळालेल्या गाडीच्या कर्णांत अकरा मिलिमीटरचा फरक निघाला होता. मालकाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याने ती नवीकोरी बांधलेली म्हणून घेतली होती आणि तिच्या खाली ठोकलेला जुना शेल होता. बांधणाऱ्याने जिग, म्हणजे वेल्ड करताना शेल सरळ धरून ठेवणारा साचा, वापरलाच नव्हता.

त्याच गाडीवर चॅसिस प्लेटनेही बोलून दाखवलं. प्लेट जुनी, अक्षरं झिजलेली, पण रिव्हेट नवे. रिव्हेटच्या भोवती रंग बघायचा असतो. प्लेट लावून मग रंग मारला की रंग रिव्हेटच्या डोक्यावर चढतो. रंग झाल्यावर प्लेट लावली की रिव्हेटची कड स्वच्छ राहते. इथे कड स्वच्छ होती, आणि प्लेटच्या एका कोपऱ्याखाली बुजवलेलं जुनं भोक दिसत होतं, आताच्या भोकापासून अर्ध्या सेंटिमीटरवर. म्हणजे प्लेट दुसऱ्या गाडीवरून आली होती. कंटिन्युएशन गाडीची प्लेट नवी असेल तर ती नवीच दिसायला हवी, तिच्यावर बांधणाऱ्याचं नाव आणि क्रमांक हवा. प्लेट, शेलवर कोरलेला क्रमांक आणि नोंदणीचा कागद, तिन्ही जुळल्याशिवाय बयाणा देऊ नका.

रोल केजच्या नळीचा व्यास आणि जाडी विचारा. एफआयए या मोटर स्पर्धांच्या जागतिक संस्थेच्या नियमानुसार मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी, किंवा ५० व्यास आणि २ जाडी लागते, नळी बिनजोड कार्बन स्टीलची. नळीवर तपासणीसाठी पाडलेलं छोटं भोक असेल तर तिथे जाडी मोजता येते. केजचा पाय शेलला टेकतो तिथे खाली पत्र्याची ठिगळी प्लेट हवी. नळी नुसत्या फरशीच्या पत्र्यावर वेल्ड केलेली असेल तर ती शोभेची आहे. छताजवळचे जोड आरशाने बघा. ते सगळ्यात अवघड असतात, हात पोचत नाही, आणि आळशी माणूस वरची अर्धी बाजू सोडून देतो. मी स्वतः ते जोड मारण्यासाठी छतात हात अडकवून तासन् तास काढले आहेत, म्हणून ते पूर्ण फिरलेले दिसले की त्या अनोळखी कारागिराबद्दल मनात आदर येतो.

कार्बन फायबरच्या पॅनेलला नाण्याने हलकं ठोकत जा. खणखणीत आवाज म्हणजे थर एकजीव आहेत. कुठे बद्द आवाज आला तर आत थर सुटले आहेत. चाकांच्या कमानींच्या मागची बाजू आणि बॉनेटचे कोपरे आधी घ्या, दगडांचा मार तिथेच बसतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स

इथे मी लवकर आटोपते, कारण हे सगळं दुरुस्त होतं. तरी काही गोष्टी विसरू नका. इंजिनाचे तास लिहिलेली वही मागा. शर्यतीचं इंजिन किलोमीटरवर नव्हे, तासांवर उघडतात. ड्राय सम्प (तेल इंजिनाखाली न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवण्याची रचना) असेल तर तेलाची पातळी इंजिन गरम आणि चालू असताना बघायची असते. मालक थंड इंजिनावर काडी घालून दाखवत असेल तर त्याला आपल्या गाडीची ओळख नाही. आणि तेल पुरेसं गरम होण्याआधी जो ॲक्सिलरेटर दाबून आवाज ऐकवतो, त्याची गाडी घेताना बेअरिंगचा खर्च धरूनच भाव करा.

डॉग बॉक्समधून (शर्यतीचा गिअरबॉक्स, ज्यात गिअर डॉग नावाच्या मोठ्या दात्यांनी अडकतात) सरळ दात्यांच्या गिअरची किरकिरी शिट्टी ऐकू येते, ती दोष नव्हे. दोष असा: पूर्ण जोर लावल्यावर एखादा गिअर आपोआप बाहेर येतो. म्हणजे डॉगचे कोपरे गोल झाले. गिअर बदलताना चालवणाऱ्याचा हात बघा. झटकन, न घुटमळता बदलणाऱ्याचा बॉक्स टिकतो, हळुवार सरकवणारा त्याची वाट लावतो.

ज्या वस्तूंना तारीख असते त्यांच्या तारखा टिपून घ्या. एफआयए प्रमाणित इंधनाची रबरी टाकी पाच वर्षं चालते, तपासणीनंतर आणखी दोन. सीट आणि पट्ट्यांवरही वैधतेचं साल असतं. पाच-सहा वर्षं प्रदर्शनात उभी असलेली, शून्य किलोमीटरची गाडी घेतली की यांतलं बरंचसं कालबाह्य निघतं.

कागद

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. एफआयएचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट, म्हणजे एचटीपी, गाडीसोबत मिळाला की लोकांना वाटतं गाडी अस्सल ठरली. एचटीपी एवढंच सांगतो की गाडीची तांत्रिक बांधणी तिच्या काळच्या होमोलोगेशनशी, म्हणजे स्पर्धेसाठी मंजूर झालेल्या तपशिलाशी, जुळते. ती गाडी त्या काळात बनली होती, असं तो म्हणत नाही. म्हणजे त्या काळच्या तपशिलाबरहुकूम बांधलेली एस्कॉर्ट हिस्टॉरिक रॅलीत उतरू शकते, आणि आधुनिक गिअरबॉक्स, कार्बनची पॅनेल असलेली पी२५ किंवा इव्हो३७ उतरू शकत नाही. तुम्हाला स्पर्धेत पळायचं असेल तर हा फरक ऑर्डर देण्याआधी कळला पाहिजे. ग्रुप ४ या जुन्या रॅली वर्गातल्या एस्कॉर्टला नियमाने झेडएफचा पाच गिअरचा बॉक्स हवा असेल तर तिथे सिक्वेन्शियल (गिअर एकामागून एक क्रमानेच बदलणारा बॉक्स) चालत नाही, मग ते कितीही चांगलं असो.

रस्त्यावरची नोंदणी प्रत्येक देशात वेगळी. डोनरवरच्या गाडीला सहसा डोनरची ओळख राहते, पण किती कापलं यावर ती टिकते की नाही ते ठरतं. ब्रिटनमध्ये वय किंवा ओळख पटत नसलेल्या गाडीला क्यू अक्षराचा नंबर मिळतो, आणि तो नंबर लागला की संग्राहकाच्या नजरेत गाडी उतरते. जर्मनीत ऐतिहासिक गाडीचा एच नंबर ३० वर्षांवरच्या आणि मूळ स्थितीतल्या गाडीला मिळतो. अमेरिकेत छोट्या उत्पादकांना २५ वर्षांपूर्वीच्या गाडीसारखी दिसणारी नवी गाडी वर्षाला ३२५ पर्यंत विकता येते, असा कायदा २०१५ मध्ये झाला. गाडी ज्या देशात ठेवायची आहे तिथल्या नोंदणी कार्यालयाचं लेखी उत्तर मिळेपर्यंत मी गिऱ्हाइकाला पैसे भरू देत नाही. "सगळ्यांची होते, तुमचीही होईल" हे उत्तर नव्हे.

लोक इतके पैसे का मोजतात

मूळ गाड्या थोड्या होत्या आणि जगणं अवघड होतं. ग्रुप ४ मध्ये १९७६ पासूनच्या नियमाप्रमाणे ४०० गाड्या बांधाव्या लागत, ग्रुप बी मध्ये २००. २ मे १९८६ रोजी कॉर्सिकाच्या रॅलीत हेन्री तोइव्होनेन आणि सर्जिओ क्रेस्तो गेले, आणि त्या वर्षानंतर ग्रुप बी बंद झाला. कंपन्यांनी स्वतः पळवलेल्या गाड्या तर मूठभरच, आणि त्यांतल्या कित्येकांचे शेल हंगामात दोन-दोनदा बदललेले. कारखान्याच्या संघात ते रोजचंच होतं: गाडी उलटली की नवा शेल, जुना नंबर, पुढची रॅली. त्यामुळे जगज्जेत्याची म्हणून मिरवल्या जाणाऱ्या गाडीतला कुठला पत्रा खरोखर त्या दिवशी जंगलात होता, हे सांगणं कठीण होतं. माझा अनुभव असा की नीट बांधलेल्या कंटिन्युएशन गाडीचा जन्म मूळ गाडीपेक्षा जास्त स्पष्ट नोंदवलेला असतो, आणि शहाण्या संग्राहकाला ते आवडतं.

दुसरं कारण माणसं. किमेराच्या इंजिनावर क्लाउडिओ लोम्बार्डी यांनी काम केलं, जे लान्चाच्या त्या काळातल्या गाड्यांचे इंजिनियर होते, आणि गाडी चालवून घडवायला मिकी बियासिओन होते, १९८८ आणि १९८९ चे जगज्जेते. ०३७ ने १९८३ मध्ये ऑडी क्वाट्रोसारख्या चार चाकांना जोर देणाऱ्या गाडीला हरवून उत्पादकांचं अजिंक्यपद घेतलं. मागच्या दोनच चाकांच्या जोरावर ते जिंकणारी ती शेवटची गाडी. ज्यांनी ते घडवलं त्यांतला एक जण आजच्या गाडीला हात लावतो, ही गोष्ट पैशाने दुसऱ्यांदा घडवता येत नाही. ही माणसं आता वयस्कर झाली आहेत. मी गिऱ्हाइकांना सांगते, बांधणारा कोण आणि सल्लागार कोण हे वेगळं विचारा. कुणी वर्षभर कामावर होतं की अनावरणाच्या दिवशी फोटोपुरतं, हे महत्त्वाचं.

तिसरं, संख्या. पण संख्येवर आंधळा विश्वास नको. पी२५ च्या २५, इव्हो३७ च्या ३७, हे आकडे पाळले जातील असं धरलं तरी बांधणारा पुढे काय करणार हे बघा. इव्हो३७ नंतर किमेराने चारही चाकांना जोर देणारी इव्हो३८ आणली. पहिलीच्या मालकाला ते आवडेलच असं नाही. करारात लिहून घ्या: याच शेलवर, याच इंजिनाची, वेगळ्या नावाची गाडी किती वर्षं काढणार नाही. काही बांधणारे सही करतात, काही करत नाहीत. न करणाऱ्याला मी वाईट म्हणत नाही, पण भाव त्याप्रमाणे धरते.

मूळ सुबारू इम्प्रेझा २२बी आणि पी२५ यांतलं काय घेऊ, असं मला विचारलं जातं. १९९८ ची २२बी जपानसाठी ४०० निघाली, ती कारखान्याची गाडी आहे, तिची किंमत तिच्या मूळपणात आहे. चालवली की थोडी झिजते, आणि प्रत्येक मालकाच्या मनात ते सलत राहतं. पी२५ चालवण्यासाठी बांधली आहे. ज्याला दर रविवारी पहाटे गाडी काढायची आहे त्याने पी२५ घ्यावी. मूळ गाडी घेऊन ती आतून बदलायचा विचार करणाऱ्याला मात्र मी हात जोडून सांगते: करू नका.

चालवून बघताना

ओल्या रस्त्यावर चालवायला मागा. कोरड्यावर सगळ्या गाड्या चांगल्या वाटतात. तिसऱ्या गिअरमध्ये, मध्यम वळणावर, ॲक्सिलरेटर अर्धा सोडा. नीट बांधलेली एस्कॉर्ट नाक आत घेते आणि मागची बाजू हलकी होते, पण हातात राहते. ती एका बाजूच्या वळणावर वेगळी आणि दुसऱ्या बाजूच्या वळणावर वेगळी वागली, तर चारही चाकांवरचं वजन मोजून घ्या आणि पुन्हा ते कर्ण आठवा.

गाडी थांबवून लगेच उतरू नका. इंजिन बंद करून दोन मिनिटं आत बसून राहा. गरम धातू आकसताना टिकटिक करतो, तो आवाज सगळीकडून सारखा यायला हवा. पेट्रोलचा वास आला तर टाकीचं झाकण, पंप, पाइपांचे जोड त्याच क्रमाने बघा. गरम गाडीखाली वर्तमानपत्र पसरून अर्धा तास ठेवा. तेल गळत असेल तर कुठल्या भागाखाली डाग पडला ते कागद सांगतो, आणि तो कागद तारीख घालून फाइलमध्ये ठेवा.

विमा मान्य किमतीचा घ्या, बाजारभावाचा नको. वीस-पंचवीसच असलेल्या गाडीचा बाजारभाव अपघातानंतर कोण ठरवणार? बांधणाऱ्याचं बिल, शेलचे फोटो आणि एखाद्या स्वतंत्र तपासणीचा अहवाल जोडला की विमा कंपन्या मान्य किमतीला तयार होतात.

आणि ऑर्डर देताना सुटे भाग त्याच दिवशी मागा. छोटी कंपनी बंद पडू शकते, साचे विकले जाऊ शकतात, आणि मग त्या एका पुढच्या कमानीसाठी तुम्ही तीन वर्षं वाट बघता. माझ्या एका गिऱ्हाइकाची गाडी फक्त पुढच्या काचेसाठी चौदा महिने कव्हरखाली उभी होती. काच नेहमीच्या गाडीपेक्षा थोडी वेगळ्या वळणाची होती आणि बांधणाऱ्याने जेमतेम गाड्यांपुरत्याच काचा करून घेतल्या होत्या. तेव्हापासून मी यादीच देते: पुढची काच एक, पुढचा बंपर एक, चारही कमानी, डाव्या-उजव्या दाराचं बाहेरचं पॅनेल, गिअरबॉक्सच्या डॉग रिंगचा एक संच. करारात वेगळ्या ओळीवर, गाडीच्या क्रमांकासकट लिहून घ्या, आणि गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी ही खोकी गाडीबरोबरच ट्रेलरवर चढवा.